शेवटची दोन पानं

थेरगावातल्या शालनबाईचा आणि तिच्या सुनेचा, मोनिकाचा, रविवारी दुपारी एक नेम होता. नवी कादंबरी वाचायची आणि तिला शोभेल असं पेय घरीच बनवायचं. या खेपेची कादंबरी नवऱ्याला सोडून गेलेल्या बाईची होती, म्हणून मोनिकाने जिनमध्ये कोकम, आलं आणि हिरवी मिरची घातली होती. शालनबाई साठीला अक्षरं शिकलेली, तिचं वाचन सावकाश चाले. दोनच पानं उरली होती. ती बाई परत येते का, एवढंच कळायचं होतं.

तेवढ्यात शालनबाईचा नवरा दादासाहेब आत आला. "बाईमाणूस दारू पितंय व्हय!" म्हणत त्याने तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. तिने रक्त पदराने पुसलं, ते काही पहिलं नव्हतं. मग त्याने पुस्तक ओढलं, शेवटची पानं फाडली आणि पेयाच्या तांब्यात कोंबली.

"वाच आता!"

शालनबाईने आलं ठेचायचा बत्ता उचलून त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. तो कळवळून खाली बसला, तसा दुसरा घाव खांद्यावर बसला.

"आत्या, बास! मी रिक्षा बोलावते," मोनिका म्हणाली.

"बोलाव की."

तिने पानं अलगद काढून तव्यावर वाळवली आणि बोट ठेवून वाचू लागली. खाली हॉर्न वाजला.

"चल की गं," दादासाहेब कण्हला.

"थांबा. बाई अजून स्टँडवरच हाय."

वाचून झाल्यावर तिने पेला उचलून घोट घेतला.

"न्हाई आली परत," ती सुनेला म्हणाली. "मिरची अजून पायजे व्हती."