बाबांची गोळी

प्रमिलाबाई मुलखाच्या घाबरट, त्यात टापटिपीचं भारी वेड. गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापून एकेक गोळी सुटी करायची आणि सगळ्या एकाच स्टीलच्या डबीत भरायच्या, हा त्यांचा दर रविवारचा उद्योग. निम्म्या तुकड्यांवर नावच उरायचं नाही. पण साकेत नगरातल्या त्या घरात बाईंना शहाणपण शिकवायची कुणाची टाप होती?

त्यांची लेक मानसी शहरातल्या मोठ्या तळ्यावर, बड्या तालाबावर, शर्यतीची नाव वल्हवायची, कमी वजनाच्या गटात. नॅशनल स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचं डोकं दुखलं. तिनं गोळी मागितली, आईनं डबीतून काढून दिली.

दीड महिन्यानं पत्र आलं. मानसीच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं होतं. त्यानं लघवी वाढून वजन झटकन उतरतं, बीपीच्या काही गोळ्यांत ते असतं, असं कोचनं सांगितलं. प्रमिलाबाईंच्या काळजात चर्र झालं. सुधाकरराव, म्हणजे त्यांचे यजमान, बीपीचीच गोळी घ्यायचे.

"आई, तू दिलेली गोळी बाबांची तर नव्हती ना?" मानसीनं विचारलं.

"छे गं, डोकेदुखीचीच होती."

भीतीनं तोंडातून निघून गेलं खरं. पुढं चौकशीसाठी तेच कागदावर लिहून त्यांनी खाली सहीही केली. आणि सकाळी कचरागाडी आली तेव्हा अख्खी डबी तिच्यात रिकामी केली.

मग बाईंचा जीव जो टांगणीला लागला! फोन वाजला की त्या स्वयंपाकघरात पळायच्या. मानसी बिचारी मेसच्या भाजीपासून प्रोटीन पावडरपर्यंत सगळ्यांवर संशय घेत होती. खरं सांगावं तर लेक तुटणार, न सांगावं तर तिचं वल्हं सुटणार.

सुनावणी लॅपटॉपवर झाली. औषध पोटात कसं गेलं हे दाखवता आलं तर शिक्षा कमी होईल, असं चौकशी समितीचे लोक म्हणाले. मानसी रडायलाच लागली. ते मात्र प्रमिलाबाईंना बघवेना. त्या कॅमेऱ्यासमोर येऊन बसल्या.

"मी दिली. चुकून यांची गोळी दिली."

मग आधी उलटं का लिहून दिलंत, त्यांनी विचारलं. बरं, ती डबी तरी दाखवा. डबी कचऱ्यात गेली, एवढंच बाईंना सांगता आलं.

दोन वर्षांची बंदी आली. आईनं मुलीला वाचवायला ऐनवेळी रचलेली गोष्ट, असं निकालात लिहिलं होतं.

मानसीनं ते वाचलं आणि आईच्या गळ्यात पडली. "माझ्यासाठी एवढं खोटं बोललीस तू?"

प्रमिलाबाई भीतीनं गार पडल्या. त्यांनी लेकीला घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "हो."