नळीवरचं लाल फडकं

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास दुष्काळ पडला. पाहणीला निघालेल्या साहेबांना घेऊन वैमानिक रामकिशन उदगीरपर्यंत उडाला आणि नांदेडला परतला. उतरताच तो पंखाकडे गेला. विमानाचा वेग कळावा म्हणून पंखाखाली एक बारीक नळी असते, तिच्यात हवा शिरावी लागते. त्या नळीच्या तोंडावर पूजेचं लाल फडकं गच्च बांधलेलं होतं.

"मारोती, हे कुणी बांधलं?"

"साहेबांच्या शिपायानं. तुम्ही तपासून आत बसलात, मग विमानाची पूजा झाली," मेकॅनिक मारोती म्हणाला. "त्याला ती खुंटी वाटली असंल."

"आन् तुला?"

"पूजेचं कसं सोडावं, दादा? साहेब हात जोडून उभे होते."

"वेगाचा काटा शून्यावर होता. नुसत्या इंजिनाच्या आवाजावर आणलंय मी विमान. पडलो असतो तर तिथं बी हात जोडून उभा राहिला असतास?"

मारोतीनं मान खाली घातली. "दुपारी परत जायचंय. साहेबांना काटा बिघडला म्हणून सांगू."

"सांग. म्हंजे ते परत बांधतील."

दुपारी शिपाई नवं फडकं घेऊन आला. मारोती पंखापुढं आडवा झाला. "नारळ तिकडं लांब फोड. इमानाला काई बांधायचं न्हाई."

साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "का रे?"

"सकाळी ह्याच्यानंच नळी बंद झाली, साहेब. मी बघूनबी सोडलं न्हाई."

मारोतीनं तपासलेलं विमान रामकिशननं मारोतीच्या देखत पहिल्यापासून पुन्हा तपासलं.