बुधवारची ओपीडी

शेफाली मंडल आत आली तेव्हा मधुमेहतज्ज्ञ डॉ. अनुजा देवधरांचं लक्ष आधी तिच्या पोटाकडे गेलं. पोट टम्म फुगलेलं, हात काटकुळे, डोळे पिवळे. बराकपूरला घरी बसून ब्लाउज शिवणारी ही बाई साखरेच्या औषधांसाठी कोलकात्याला न्यू टाउनच्या या खाजगी हॉस्पिटलात यायची. मध्येच तिचं येणं बंद झालं होतं.

"तुम्हाला लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं ना?" अनुजाने हिंदीत विचारलं.

"गेले होते, दीदी. खिडकीवर म्हणाले, मंगळवारी या. मंगळवारी आले तर म्हणाले, तपासणीचा नंबर पुढच्या महिन्यात. सियालदापर्यंत गाडी, मग बस, दिवसभराचं काम बुडतं. दुखत तर काहीच नव्हतं. सोडून दिलं." तिने मान खाली घातली. "आता सासरचे म्हणतात, ही चोरून दारू पीत असणार. मी थेंबालाही शिवले नाही कधी."

"साखरेच्या आजारात लिव्हरवर चरबी साठते. त्याला दारू लागत नाही. तुमच्या नवऱ्याला आत बोलवा, मीच सांगते."

नवऱ्याला तिने चांगलं खडसावून सांगितलं. शेफालीला वॉर्डात दाखल केलं आणि ती तडक तिसऱ्या मजल्यावर लिव्हरच्या डॉक्टर सुचित्रा लाहिरींकडे गेली.

"तुझ्यापर्यंत पोचतात ते हाताबाहेर गेलेले," अनुजा म्हणाली. "ज्यांना अजून वाचवता येईल ते खाली माझ्या बाकांवर बसलेत. रक्ताच्या साध्या तपासण्यांवरून धोका कुणाला ते मी तिथेच काढते. बुधवारी फक्त तुझं मशीन खाली दे."

लिव्हर किती कडक झालंय ते बरगड्यांवरून मोजणारं मशीन बुधवारी नुसतं उभं असायचं. सुचित्राला पटलं. "पण काणेंना विचार," ती म्हणाली.

माधव काणे हॉस्पिटलचे प्रशासक. त्यांचा जन्म कोलकात्यातलाच. अनुजा साताऱ्याहून इथे आली तेव्हा घर शोधून देण्यापासून सगळं त्यांनी पाहिलं होतं.

"अहो अनुजाताई, मशीन त्यांच्या विभागाचं, पेशंट तुमच्या विभागाचा. उद्या कुणी विचारलं तर? आपण एक समिती नेमू."

"समिती बसेपर्यंत आणखी कुणाच्या तरी पोटात पाणी होईल."

"इथे आपण मोजकी मराठी माणसं. एकमेकांना सांभाळून घ्यायचं की अडचणीत आणायचं?"

"तुमचे उपकार मी विसरले नाही, काणेसाहेब. पण ते पेशंटच्या जिवावर फेडणार नाही."

बुधवारी अनुजाने स्वतः मशीन ढकलत लिफ्टमध्ये घातलं आणि खाली आणलं. साखर तपासायला लोक उपाशीपोटी आलेलेच होते. या तपासणीलाही पोट रिकामंच लागतं. पडद्याआड खाट टाकून तिने आणि सुचित्राने काम सुरू केलं. खिदिरपूरच्या गोदीतला एक क्रेनचालक खाटेवर असतानाच काणे आले.

"हे आत्ताच्या आत्ता वर न्या."

"पेशंट झोपलेत. बाहेर थांबा," अनुजा मागे न वळता म्हणाली. बाहेरच्या बाकांवरचे सगळे वळून बघू लागले. काणे लाल चेहऱ्याने निघून गेले.

पुढच्या बुधवारी मशीनच्या खोलीला कुलूप होतं. सुचित्राने खाली येऊन बसायची तयारी दाखवली, पण किल्ली तिच्याकडेही नव्हती. अनुजा खाली आली आणि बाकांसमोर उभी राहिली.

"ज्यांची तपासणी सांगितलीय त्यांनी माझ्याबरोबर वर चला. आज ओपीडी तिसऱ्या मजल्यावर."

गुडघे धरत, कुणी लिफ्टने, कुणी जिन्याने, सगळे वर आले. बाकं पुरेनात तेव्हा बायका जमिनीवर बसल्या. कुलूपबंद दारासमोर टेबल ओढून अनुजाने पहिलं नाव पुकारलं. सुचित्रा तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसली. औषधं, आहार, लिव्हर, सगळं त्या एकाच टेबलावर बोललं जाऊ लागलं. शेफालीची बहीणही भिंतीला टेकून बसली होती; साखर तिलाही होती. शेफालीने वॉर्डातूनच तिला बोलावून घेतलं होतं.

दुपार कलली तरी कुणी हललं नाही. काणे आले. अख्खा कॉरिडॉर त्यांच्याकडे बघत होता.

"हे काय चालवलंय तुम्ही?" त्यांनी मराठीत, दबक्या आवाजात विचारलं.

"ओपीडी. कुलूप काढलंत तर लवकर संपेल."

त्यांनी किल्ली काढली आणि तिच्या हातात न देता टेबलावर आपटली. "तीन महिने. प्रयोग म्हणून. मग बघू."

"आणि आहारतज्ज्ञ?" अनुजा म्हणाली. "बुधवारी त्याही इथेच बसायला हव्यात. पेशंटला आणखी एका मजल्यावर मी पाठवणार नाही."

काणे लिफ्टकडे वळले. सुचित्राने किल्ली उचलली आणि शेफालीच्या बहिणीला आत बोलावलं.