दर्यापारचा मसाला

रेवतीने कात्रीने पाकीट उभं कापलं आणि मसाला वर्तमानपत्रावर ओतला. लाल ढिगातून बोटाच्या पेराएवढा कोळसा घरंगळत जानकीच्या पायाशी आला.

"हे काय आहे, काकी?"

"कोळसो."

"ते दिसतंय मला. पाकिटात कसा आला?"

घाटकोपरच्या त्या खोलीत बचत गटाच्या बाकीच्या बायका मिरच्यांची देठं खुडत होत्या. त्यांचे हात थांबले. दुबईच्या व्यापाऱ्याने नमुन्याची सगळी पाकिटं परत केली होती.

"मीच घातलंय," जानकी म्हणाली. "खायचो जिन्नस दर्या ओलांडून जातलो. वर कोळसो नको? नजर लागता."

कुणीतरी फिसकन हसलं.

"अहो, तिकडे मशीनवर तपासतात! निर्यात योजनेत आपला गट घ्यावा म्हणून वर्षभर खेटे घातले मी. साहेब शिकवून गेले, टोप्या घातल्या, हातमोजे घातले, आणि तुम्ही..."

"हातमोजे घालूनच घातलंय गे."

रेवतीला हसू आलं नाही. तिने वर्तमानपत्राची चारही टोकं जुळवून मसाला बांधला.

"उद्यापासून पॅकिंगला बसू नका."

"आणि भाजूक?"

"भाजायलाही नको. सध्या तरी."

जानकी गुडघ्यावर हात रेटून उठली. जाता जाता तिने तो कोळसा उचलला आणि पदराच्या टोकाला बांधला.

योजना तिने पुष्कळ पाहिल्या होत्या. मागे पर्यटन वाढवायचं ठरलं, तेव्हा महोत्सवात नऊवारी नेसून तिने दिवसभर घावणे काढले होते. पाहुण्यांनी तिचे फोटो काढले, घावणे तसेच राहिले. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण मिरची भाजायची ती खोली सुटली आणि दुपार फार लांब झाली. मुलगा-सून कामावर. भिंतीवर नवऱ्याचा, लवूचा फोटो. तो गावाहून गिरणीत परत निघाला, की सासू मसाल्याच्या डब्यात वर एक कोळसा ठेवायची. सासूनंतर जानकी ठेवू लागली. ते कुणी शिकवलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी रेवती दारात उभी राहिली. हातात स्टीलचा डबा.

"माझ्या निहारचं नोकरीचं झालं, काकी. कतारला. परवा निघतोय."

"कसली नोकरी?"

"हॉटेलात. इकडे पर्यटन वाढणार, हॉटेलं येणार म्हणून तेच शिकवलं त्याला." ती उंबऱ्यावरच टेकली. "तुमच्या हातचा मसाला हवाय म्हणतो."

जानकीने डबा घेतला. बरणीतून मसाला काढून चमच्याने दाबून दाबून भरला आणि झाकणासाठी हात पुढे केला.

रेवतीने झाकण दिलं नाही. ते हातात धरून ती गॅलरीतल्या वाळत्या कपड्यांकडे बघत राहिली.

जानकीने तिच्या हातातल्या झाकणाकडे पाहिलं. मग तिने देव्हाऱ्यामागे हात घालून तो कोळसा काढला, पदराला पुसला आणि मसाल्यावर अलगद ठेवला.

रेवतीने झाकण लावलं. घट्ट बसलंय ना, ते दोनदा पाहिलं.

"उद्या मिरच्या येतायत," जिना उतरता उतरता ती म्हणाली. "भाजायला कुणी नाहीये."