सातव्या ओळीवरची छडी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची छडी आहे. अलेक्झांड्रियातल्या एका विद्यापीठात, व्याख्यानाच्या खोलीत, मला काचेच्या पेटीत मानाने टांगून ठेवलं आहे. खाली पितळी पट्टी आहे, तिच्यावर 'अचूकतेचं प्रतीक' असं कोरलं आहे. ते खोटं आहे, म्हणून खरं काय ते मीच सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या दमट रानात झाला. मोळीत बांधून मला बंदरावर आणलं आणि जवळच्या दमन्हूर गावचे गणिताचे बद्रावी मास्तर मला घेऊन गेले. दर शुक्रवारी ते मला मायेने जवसाचं तेल चोळत. आपल्या मुलाला, शौकतला, त्यांनी इतक्या मायेने कधी हात लावला नाही. तोही त्यांच्याच वर्गात होता. इतरांना चुकीबद्दल एक छडी मिळे, शौकतला दोन. दुसरी मास्तरांचा मुलगा असल्याबद्दल. एकदा त्याने एक गणित मास्तरांपेक्षा निम्म्या ओळींत सोडवलं. उत्तर बरोबर होतं. त्या दिवशी चार बसल्या. छडी ज्याच्या हातात त्याचंच बरोबर, हे तो तेव्हा शिकला.

पुढे शौकत परदेशी गेला आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्रातला डॉक्टर होऊन परतला. या लोकांना ना दुर्बीण लागते, ना भट्टी. खडू, फळा आणि डोकं एवढ्यावर ते विश्वाचा हिशोब मांडतात. पहिल्या पाच वर्षांत त्याने दोन शोधनिबंध लिहिले आणि ते दूरदूरच्या देशांत वाचले गेले. मास्तर वारले तेव्हा घरातून त्याने फक्त मला उचललं. लोक म्हणाले, काय जीव हो बापावर! मीही हुरळून गेले. आता मला कोवळ्या तळहातांवर नाही, समीकरणांवर टेकायचं होतं.

दर गुरुवारी चर्चासत्र असे. एकाने फळ्यावर आपलं काम मांडायचं आणि बाकीच्यांनी त्यात खोट काढायची, ही त्यांची रीतच. शौकत पहिल्या रांगेत चहाचा पेला घेऊन बसे. चूक दिसली की उठून त्या ओळीवर माझं टोक दोनदा आपटे आणि गप्प राही. चूक कोणती ते बोलणाऱ्याने शोधायचं. आणि ती सापडायचीच. 'शौकतची छडी खोटं बोलत नाही,' असं सगळे म्हणू लागले. ते ऐकून मला किती बरं वाटे!

पण तिसरा निबंध काही आला नाही. अकरा वर्षं तो रोज कागद भरायचा आणि फाडायचा. अशात एका गुरुवारी त्याने मला एका बरोबर ओळीवर आपटलं. मला कसं कळलं? खरी चूक दाखवताना त्याची बोटं सैल असत. त्या दिवशी ती माझ्यात रुतली. फळ्यापाशी उभा असलेला पोरगा घामाघूम झाला, आणि शेवटी त्याला नसलेली चूक सापडलीसुद्धा. शौकतने शांतपणे चहा संपवला. मग त्याला चटकच लागली.

सुहैर त्यानंतर आली. रशीद गावच्या, मासेमारीची जाळी विणणाऱ्या एकाची ही मुलगी शौकतच्याच हाताखाली डॉक्टरेट करत होती. चार वर्षं एकच गणित. त्यातल्या दोन बेरजा अनंतापर्यंत वाढत जात, म्हणून सगळे ते अर्ध्यावर सोडत. सुहैरने दाखवलं की सातव्या ओळीत एक वजा चिन्ह येतं आणि दोन्ही अनंत एकमेकांना खाऊन टाकतात. मागे उरतं एक लहानसं, स्वच्छ उत्तर. तिने ते मांडलं आणि शौकतची बोटं माझ्यात रुतली. टक् टक्. सातवी ओळ.

"ती बरोबर आहे, डॉक्टर," सुहैर म्हणाली.

टक् टक्.

"या जातीच्या दोन कणांची अदलाबदल केली की चिन्ह उलटतं. म्हणून वजा."

"मी काही विचारलं का, पोरी?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"दर वेळी उलटतं, डॉक्टर."

"दर वेळी?" शौकतने चहाचा घोट घेतला. "बरं बाई. तू म्हणतेस तर असेल. चालू दे."

पण मला त्याने त्या ओळीवरून हलवलं नाही. सुहैरने खोलीभर नजर फिरवली. शौकतचा जुना मित्र, डॉक्टर फिक्री, आपल्या पेल्यात बघत होता. त्याचंही आयुष्य याच विषयात गेलेलं, त्याला ती ओळ चांगली कळली होती. सुहैर पुन्हा फळ्याकडे वळली, चिन्ह किती वेळा उलटलं ते ओठ हलवत मोजू लागली, घाबरून एक जास्त मोजलं आणि तिचा चेहरा उतरला. बाहीनेच तिने वजा पुसून अधिक लिहिलं. दोन अनंतांची बेरीज झाली. चार वर्षं पाण्यात गेली.

"नशीब, वेळेवर दिसलं तुला," शौकत म्हणाला. "जाळी विणता येतात ना? मग हात रिकामे राहायचे नाहीत."

सगळी खोली हसली. मित्रांनो, मला त्या क्षणी तडकायचं होतं. पण तेलावर पोसलेला वेत तडकत नाही.

सुहैर पदवी सोडून कफ्र अल-दव्वारला मुलींच्या शाळेत शिकवायला गेली. दोन वर्षांनी परदेशातल्या एका नियतकालिकात तेच गणित छापून आलं. नावं दोन परक्या माणसांची आणि जागच्या जागी तेच वजा. फिक्रीने तो अंक शौकतच्या टेबलावर टाकला.

"तुला तेव्हाच ठाऊक होतं."

"ती ओळ चूक आहे असं मी म्हणालो का? तिनं पुसली, आपल्या हातानं. आणि ठाऊक तर तुलाही होतं, फिक्री. त्या दिवशी चहात काय शोधत होतास?"

फिक्री अंक तिथेच ठेवून निघून गेला.

शौकत निवृत्त झाला तेव्हा मोठा समारंभ झाला. तिसरा निबंध शेवटपर्यंत आला नाही, हा विषय कोणी काढला नाही. 'यांच्या तोंडून कधी कठोर शब्द ऐकला नाही,' असं एक जण गहिवरून म्हणाला. फिक्रीने सुहैरला बोलावून घेतलं होतं. जुनी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ती सरळ फळ्यापाशी गेली आणि न बोलता ती ओळ लिहिली, वजासकट. शौकत मला घेऊन खुर्चीतून उठला. सवयच ती. टक् टक्.

"आणखी आपटा, डॉक्टर," सुहैर म्हणाली. "आता नाही पुसली जायची ती. ती माझी एकटीची राहिली नाही."

लोकांना वाटलं, गुरुशिष्येची जुनी थट्टा चालली आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. सुहैर मागच्या दाराने गाडी गाठायला निघून गेली, शिपायाने फळा पुसला आणि मला काचेच्या पेटीत ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला मोडा. आणि तुम्ही कधी फळ्यापाशी उभे असाल, तर नुसतं टोक आपटणाऱ्याला आधी तोंडाने बोलायला लावा. तोवर डस्टरला हात लावू नका. मला मोडायला मात्र एकटा पुरणार नाही, मी अजून लवचीक आहे. दोघे लागतील. सुहैरने वजा पुसलं त्या गुरुवारी खोलीत अठरा जण होते.