माझ्या पोटातले शिवलीलाचे धडे

मित्रांनो, ‘जुना’ म्हटलेलं मला मुळीच खपत नाही. पण खोटं कशाला बोलू? बेंगळुरूच्या इंदिरानगरात, एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत, खिडकीशी ठेवलेला मी एक जुना संगणक आहे. मांडीवर बसणारा तो चपटा, नाजूक प्रकार माझा नव्हे. माझी पेटी वेगळी, पडदा वेगळा, कीबोर्ड वेगळा. मला जागा बरीच लागते. सुरू व्हायला वेळही लागतो, तेवढ्यात तुमचा चहा उकळून होईल. पण एकदा सुरू झालो की कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही.

माझा जन्म झगमगीत कारखान्यात झाला नाही. चिकपेटच्या पलीकडे सुट्या भागांच्या दुकानांची एक गल्ली आहे. तिथे पुष्करने माझा एकेक भाग निवडला, दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस केली आणि मला ऑटोत मांडीवर घेऊन घरी आणलं. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. मी पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे प्रतिमाकाकूंनी, सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. वडील उमाकांतकाका एका सरकारी संशोधन संस्थेत होते. त्यांनी माझ्या पंख्याचा आवाज कान देऊन ऐकला आणि ‘बरा आहे’ असा शेरा दिला. एवढी स्तुती त्यांच्या तोंडून पुष्करलाही कधी मिळाली नव्हती!

पुष्करची सगळी वर्षं माझ्यासमोर गेली. त्याचे प्रकल्प, त्याचे खेळ, नोकरीचे अर्ज, सगळं मी केलं. मग त्याला नोकरी लागली, कंपनीने लॅपटॉप दिला, आणि ट्रॅफिकला कंटाळून तो बेळ्ळंदूरला ऑफिसजवळच राहायला गेला. मी मागे राहिलो. कामापुरता मामा, दुसरं काय! माझ्यावर जुन्या साडीचं कव्हर पडलं. कव्हरावर इस्त्रीचे कपडे साठू लागले. एकदा तर कोणी माझ्या डोक्यावर कांदे वाळत घातले होते. मला फार राग आला होता, पण सांगणार कोणाला?

त्या कांद्यांच्या दिवसांतून मला काकूंनी बाहेर काढलं. इथल्या मराठी मंडळातल्या एका ओळखीतून त्यांना शिवलीलाबद्दल कळलं होतं. शिवलीला निपाणीची. बेळगावात हॉस्टेलवर राहून मराठीत एम.ए. करते. तिला दिसत नाही. तिचा संगणक तिला मजकूर बोलून दाखवतो, पण तिच्या अभ्यासातली काही पुस्तकं इतक्या फिकट छपाईची आहेत की ती वाचायला गेला की तो नुसता बरळतो. तेव्हा कोणीतरी माणसानेच ती वाचून, आवाज भरून पाठवायला हवी होती. काकू म्हणाल्या, “मी वाचीन की. दुपारी मला काय काम असतं?”

झालं! माझ्यावरचं कव्हर निघालं, एक छोटा माइक आला, आणि रोज दुपारी झाकपाक आटोपली की काकू माझ्यासमोर बसू लागल्या. त्यांचं वाचन म्हणजे कोरडं वाचन नव्हे. मध्येच त्या म्हणायच्या, “शिवलीला, हे परीक्षेत येणार बघ, पुन्हा एकदा वाचते.” किंवा, “आता जरा थांब आणि पाणी पी. मीही पिते.” ते सगळं माझ्या पोटात साठत होतं. इतकं चांगलं काम मी पुष्करच्या काळातही केलं नव्हतं.

काकूंची एक पद्धत होती. अर्धकच्चं कोणाच्या पानात वाढू नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एक पुस्तक पूर्ण वाचून, पुन्हा पहिल्यापासून ऐकून, चुका दुरुस्त करूनच त्या पाठवायच्या. पहिली पुस्तकं अशी गेली होती. शेवटचं पुस्तक, सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत अवघड, वाचून होत आलं होतं. एकच छोटा धडा राहिला होता. ते सगळे धडे फक्त माझ्याजवळ होते. दुसरीकडे कुठेही नव्हते. ही गोष्ट काकूंना माहीत होती आणि मला. उमाकांतकाकांना वाटायचं, ही वाचते आणि लगेच पाठवून मोकळी होते.

एवढ्यात खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात, आणि त्या दिवशी बेंगळुरूत एकही यंत्र पूजेवाचून राहत नाही. ऑटोंना केळीचे खुंट बांधतात, गाड्यांपुढे कुंकू भरलेले कोहळे फोडतात. काकांच्या संस्थेत तर मोठमोठ्या उपकरणांनाही गंध लागायचं. निवृत्त झाल्यापासून ती सगळी हौस ते घरी भागवतात. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन आणि मी. यंदा काकू म्हणाल्या, “अहो, संगणकाची जरा नीट करा हं. वर्षभर राबलाय बिचारा.”

काकांनी ती इतकी नीट केली की विचारू नका! पेटीला टिळा, पडद्याला टिळा आणि कीबोर्डवर गंधाचे चांगले जाड ठिपके. वर आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं. मीही फुलून गेलो होतो. मान कोणाला नको असतो?

दसरा सरला आणि काकांनी मला सुरू करायच्या आधी कीबोर्डकडे पाहिलं. वाळलेलं गंध त्यांना बरं दिसेना. त्यांनी फडकं ओलं केलं आणि कीबोर्ड खसाखसा पुसला. वरून तो लख्ख झाला. पण विरघळलेलं गंध कोपऱ्यातल्या डिलीटच्या बटणाखाली उतरलं, तिथे वाळलं, आणि ते बटण खाली बसलं ते बसलंच.

आता आमच्यात एक रीत असते. मी जागा होत असताना कोणी ते बटण दाबून धरलं, तर मी समजतो की याला माझी आतली मांडणी बघायची आहे. मग मी नेहमीचा पडदा न दाखवता एक निळं पान पुढे करतो. आणि बटण सोडलंच नाही, तर टीं टीं करून ओरडतो. मी तेच केलं. माझं काहीही चुकलं नव्हतं. पण काकांनी ते निळं पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

पुष्करला ऑफिसच्या कामात कशाला त्रास, असं म्हणून त्यांनी पडद्याचा फोटो काढून मंडळाच्या फोनवरच्या गटावर टाकला. गटाचं नाव ‘अडलं-नडलं’. कोणाचा प्रिंटर कागद खातो, कोणाचं इंटरनेट रुसतं, कोणाला पासवर्ड आठवत नाही, सगळे तिथे विचारतात आणि ज्याला जे ठाऊक तो ते सांगतो. फार चांगला गट आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. पण आजारी माणसाभोवती पाहुणे जमले की जे होतं, तेच माझं झालं. प्रत्येकाकडे औषध तयार!

पहिलं उत्तर नागोजीअण्णांचं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत. त्यांनी आवाजातच निरोप धाडला, “उमाकांतअण्णा, स्वल्प रॅम काढा, खोडरबरानं घासा, परत बसवा. सरी होतंय, ठीक होतंय बघा.” काकांनी माझी पेटी उघडली आणि खोडरबराने माझ्या रॅमचे दात घासले. गुदगुल्या झाल्या, पण गुण आला नाही. मग कोणी म्हणालं, आतली छोटी बॅटरी संपली असेल. काकांनी बॅटरी बदलली. मी पुन्हा निळाच. अहो, दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी जीव तोडून ओरडत होतो, पण फोटोत आवाज कुठून ऐकू येणार?

शेवटी विराटने लिहिलं. हा पुण्याचा, बेळ्ळंदूरला एका कंपनीत काम करणारा मुलगा. “काका, टेन्शन नका घेऊ. शनिवारी येतो, सरळ फॉरमॅट मारू, फ्रेश विंडोज टाकून देतो.” आणि खाली त्याने अगदी योग्य प्रश्न विचारला होता. “आत काही इम्पॉर्टंट डेटा आहे का?”

काकू तेव्हा खाली स्वयंपाकघरात होत्या. एक हाक मारली असती तर वर आल्या असत्या. काकांनी हाक मारली नाही. त्यांनी टाइप केलं, “छे छे, विशेष काही नाही. पुष्करचे जुने फोटो असतील, ते त्याच्याकडे आहेत.”

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं असेल! फॉरमॅट म्हणजे माझी पाटी कोरी करणं. शिवलीलाचा पेपर सोमवारी होता. काकांनी काकूंना एवढंच सांगितलं, “शनिवारी विराट येतोय, साफ करून देईल.” काकूंना वाटलं, भांडं घासून पुसून ठेवतात तसंच काहीतरी असेल. त्या म्हणाल्या, “बरं झालं बाई. लगेच धडे पाठवता येतील.” दोघं एकाच घरात, एकाच गोष्टीबद्दल बोलत होती आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळलेलं नव्हतं.

शनिवारी दुपारी विराट आला. पोहे खाल्ले, वर आला आणि बॅगेतून पेन ड्राइव्ह काढला. मी टीं टीं करतच होतो. “खूप जुना आहे ना, म्हणून,” असं तो काकांना म्हणाला. “चला, फॉरमॅट मारू,” म्हणत त्याने पेन ड्राइव्ह माझ्यात खुपसला. मी घाबरलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्या दारातच उभ्या होत्या. पलीकडे शिवलीला होती.

“काकू, उरलेले धडे झाले का ओ? परवा पेपर आहे.”

“झालेत गं, एक छोटासा राहिलाय. संगणक तेवढा बिघडलाय. आता विराट आलाय, फॉरमॅट करतोय. नीट झाला की लगेच पाठवते.”

त्यावर ती एवढ्या मोठ्याने बोलली की मलाही ऐकू आलं. “काकू, थांबवा त्यांना! आधी थांबवा की ओ! फॉरमॅट म्हंजे आतलं सगळं पुसून टाकतात!”

“विराट, हात लावू नकोस!” काकू ओरडल्या.

विराटने हात मागे घेतला. तो गोंधळून काकांकडे पाहू लागला. “काका, तुम्ही तर म्हणालात आत काही नाही.”

“मला वाटलं, ही वाचते आणि लगेच पाठवून मोकळी होते,” काका म्हणाले.

“मला विचारायचं तरी होतंत,” काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

विराट भला मुलगा. तो म्हणाला, “याची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावता येईल. पण त्याची केबल ऑफिसात आहे, सोमवारशिवाय मिळणार नाही.” सोमवारी मिळून काय उपयोग?

फोन अजून चालूच होता. शिवलीला म्हणाली, “काकू, मागं ते टीं टीं काय वरडतंय?”

“तोच गं. दसऱ्यापासून असाच चाललाय.”

“फोन जरा त्याच्याजवळ धरा बघू.”

काकूंनी फोन माझ्याजवळ धरला. मी होता नव्हता तेवढा दम लावून ओरडलो. इतक्या दिवसांत माझं कोणीतरी ऐकत होतं!

“माझा बी अस्साच वरडायचा,” शिवलीला म्हणाली. “कीबोर्डवर चहा सांडला होता, बटण आत अडकून बसलं होतं. दादा, कीबोर्डची वायर काढून बघा की आधी.”

विराटने वायर उपटली. मी गप्प झालो. त्याने पेन ड्राइव्ह काढून घेतला आणि मला पुन्हा सुरू केलं. मी माझ्या नेहमीच्या सावकाश चालीने जागा झालो, आणि पडद्यावर काकूंची फोल्डरं एकेक करून उमटली. सगळे धडे जागेवर होते. काकूंनी माझ्या पेटीवर हात ठेवला आणि फोनमध्ये म्हणाल्या, “आहेत गं बाई, सगळे आहेत!”

विराटने कीबोर्ड उजेडात धरला आणि डिलीटचं बटण उचकटलं. खाली पिवळा थर बसला होता. “हे काय आहे, काका?”

“गंध,” काका हळूच म्हणाले. “मीच लावलं होतं.”

आधी विराट हसला, मग काकूही हसल्या, आणि फोनवर शिवलीला तर हसायची थांबेना. धडे पाठवायला माऊस पुरला. अर्ध्या तासात सगळे बेळगावला पोचले.

विराट गेल्यावर काका एकटेच माझ्यासमोर बसले. आपण काय पुसून टाकणार होतो, हे त्यांना ऐकायचं होतं. त्यांनी एक धडा लावला. काकू वाचत होत्या. मध्येच लांबून एक आवाज आला, “अगं, किती वेळ त्या डब्यापुढे बसतेस? चहा!” तो आवाज काकांचा स्वतःचा होता. मग काकू म्हणाल्या, “शिवलीला, दोन मिनिटं हं. काका चहा मागताहेत.” खुर्ची सरकली. पुष्कळ वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. आणि मग काकू परत येऊन, दम खात, अडलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.

“हे काढून नाही टाकलंस?” काकांनी दारात आलेल्या काकूंना विचारलं.

“तीच म्हणाली, राहू द्या. हॉस्टेलात घर ऐकल्यासारखं वाटतं म्हणे.”

काका उठले, खाली गेले आणि दोघांचा चहा घेऊन वर आले. ओरडून आणि रडून काकूंचा घसा बसला होता, म्हणून राहिलेला शेवटचा धडा त्यांनी स्वतः वाचला. शिवलीलाचं उत्तर आलं, “काका, लई भरभर वाचताय ओ. पण कळालं.” तिचा पेपर झाला. निकाल लागायचा आहे, पण पुढच्या सत्राच्या पुस्तकांची नावं तिने आताच पाठवली आहेत.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला गंध लावा, हार घाला, पण बटणं कोरड्या फडक्याने पुसा. अडलं तर चार जणांना विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. त्यांना आमचा फोटो दाखवता तसा आमचा आवाजही ऐकवा. आणि आत काही महत्त्वाचं आहे का, असं कोणी विचारलं, तर आधी घरातल्या प्रत्येक माणसाला विचारा आणि मगच उत्तर द्या. आमच्या पोटात कोणाच्या दुपारी साठलेल्या आहेत, ते आम्हाला सांगता येत नाही. ते तुमच्या माणसांना सांगता येतं, आणि ती तर खालच्याच मजल्यावर असतात.