माझ्या तळव्याची चमक

मी डावा बूट बोलतोय. मोटारसायकल चालवताना घालायचा, घोट्याच्या वर येणारा, काळा. माझा जोडीदार उजवा इथे शेजारीच आहे, पण त्याला यात ओढू नका. तो बिचारा ब्रेकवर असतो. गाडी थांबली की जमिनीवर टेकतो तो मी. त्यामुळे जे झालं ते माझ्याच पायाखाली झालं, आणि ते सांगताना आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्या बुटांचं बालपण सारखंच. कापलं, शिवलं, चिकटवलं, खोक्यात घातलं. फक्त तळव्याबद्दल सांगतो, कारण माझा सगळा तोरा त्याच्यावर. माझा तळवा मऊ रबराचा. नख दाबलं की वण उठतो आणि हळूच भरून येतो. त्यावरच्या खाचा मध्येच अडत नाहीत, थेट कडेपर्यंत जातात. पाय टेकला की खालचं पाणी त्यातून बाहेर पळतं आणि रबर जमिनीला भिडतं. ही माझी कीर्ती मी दुकानदाराच्या तोंडून ऐकली. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच ऐकवायचा आणि मी प्रत्येक वेळी नव्याने फुगायचो.

त्या दुकानदाराची एक रीत होती. दुकानाच्या मधोमध पत्र्याचा उथळ ट्रे, त्यात एक गुळगुळीत फरशी, तिच्यावर साबणाचं पाणी. कुणी बूट पसंत केला की तो म्हणायचा, "आरशात नंतर बघा. आधी इथे उभे राहा." मग स्वतःचा खांदा पुढे करायचा, धरायला. बऱ्याच जणांना तो खांदा लागायचा.

एके दिवशी ती आली. बुटकी, घाईत असलेली, बोटांना स्पिरिटचा वास. ती घरोघरी जाऊन आजारी माणसांचं रक्त काढून आणते आणि लॅबला पोचवते. आदल्या आठवड्यात पेट्रोल पंपावर कापडी बुटातला तिचा पाय सटकला होता. गाडी कशीबशी सावरली, पण मनात धास्ती बसली होती.

"गाडी कुठली?" दुकानदाराने विचारलं.

"यांची," असं म्हणून तिने मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे बोट केलं. "त्यांच्या उंचीची आहे. माझ्या टाचा टेकतच नाहीत, काका. नुसते चवडे."

"मग चवड्याखालचंच बघू या."

सासरे, म्हणजे बाबा, फर्निचरला पॉलिश करणारे. उभ्या आयुष्यात त्यांनी याच गाडीवरून पॉलिशचे डबे वाहिले. हात थरथरायला लागले तेव्हा काम सुटलं आणि गाडी सुनेला दिली. मैदानात मागे धावत धावत त्यांनीच तिला ती शिकवली. मुलगा परगावी नोकरीला, तो काय शिकवणार.

बाबांना आमच्या वरच्या फळीवरची जोडी आवडली. ते बूट इतके चकचकीत होते की आम्ही त्यांना नवरदेव म्हणायचो. "हे घे पोरी. काय चमक आहे बघ." ती ते घालून फरशीवर गेली आणि पुढच्या क्षणी दुकानदाराच्या खांद्याला लोंबकळत होती. बाबा हसले, ती हसली, आणि आम्ही फळीवरचे सगळे मनातून हसलो. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. दुसऱ्याच्या घसरण्याला हसलो होतो ना.

मग माझी पाळी. तिने मला घातलं, नाडीची टोकं आत खोचली आणि फरशीवर एका चवड्यावर उभी राहिली. मी घट्ट.

"आता ढकला मला," ती म्हणाली.

"काय?"

"थोडं ढकला. गाडी अशीच कलते."

दुकानदाराने तिच्या खांद्याला धक्का दिला. मी तसूभर हललो नाही. "हाच," ती म्हणाली. त्या शब्दावर मी कितीतरी दिवस जगलो.

घरी आमची जागा दाराशी, बाबांनीच केलेल्या एका लाकडी पाटावर. बाबांचा वेळ जाता जात नसे. हाताला पॉलिशची सवय, आणि आता पॉलिश करायला काही उरलं नव्हतं. त्यांनी घरातल्या खुर्च्या घोटल्या, जिन्याचा कठडा घोटला, शेजाऱ्यांची चौकटसुद्धा सोडली नाही. जिन्यावरून उतरणारे लोक कठडा धरायला जायचे आणि हात घरंगळायचा. सगळे कौतुक करायचे, आणि जपून उतरायचे.

मग पावसाचे दिवस लागले. रोज चिखल, रोज ओल. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ती बाहेर गेली होती. बाबांनी आम्हाला गॅलरीत नेलं, मेणाच्या पॉलिशची डबी उघडली आणि वरचं कातडं असं काही घोटलं की त्यात गॅलरीचे गज दिसायला लागले. इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी मला उलटं केलं.

त्यांच्या कामाचा तो नियम होता. टेबलाची खालची बाजू कुणी बघत नाही, पण ते ती आधी पॉलिशने बंद करायचे, कारण ओल तिथूनच वर चढते आणि लाकूड फुगतं. बाबा स्वतःशीच पुटपुटले, "पायाला ओल लागायला नको हिच्या." आणि जुन्या टूथब्रशने माझ्या एकेका खाचेत मेण भरायला लागले. भरलं, वाळू दिलं, पुन्हा भरलं. मग मऊ फडक्याने घोटलं.

आता खरी लाजेची गोष्ट सांगतो. मला ते आवडलं. तळव्याला कोण कधी हात लावतो? शेण, चिखल, डांबर, एवढंच त्याच्या नशिबी. आणि इथे एक थरथरता हात इतक्या मायेने फिरत होता. मी रबर आहे, मला कळायला हवं होतं की माझ्या खाचा बुजताहेत. मी मात्र गुदगुल्या झाल्यासारखा पडून राहिलो. वर मनात आलं, नवरदेवाने आता बघावं मला.

संध्याकाळी तिने आम्हाला पाटावर पाहिलं. "बाबा, आरसा केलात की बुटांचा," ती म्हणाली. बाबा नुसते हसले. उलटं करून कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारीक पाऊस होता. पहिलंच घर एका आजीबाईंचं. त्यांची शीर सापडता सापडत नाही. दंड बांधायचा, हात चोळायचा, दोनदा तरी टोचायचं, तेव्हा कुठे थोडं रक्त मिळतं. आजी कुरकुरत नाहीत, फक्त डोळे मिटून घेतात. ते रक्त पेटीत ठेवून ती निघाली. पायऱ्या उतरताना मला खाली काहीतरी परकं लागत होतं. जमीन होती, पण ती तळव्याला लागत नव्हती. मी गप्प बसलो. बोललो असतो तरी ऐकणार कोण, हे मी आता स्वतःला समजावतो.

चौकात ती थांबली. खाली रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे, ओले. तिने सवयीने मला टेकवलं आणि मी असा निघालो, जसा काही मला कुठे घाईने जायचं होतं. अख्खी गाडी तिच्या पायावर आली. लोक धावले, गाडी उचलली. घोटा सुजला, पण हाड वाचलं, ते मी घट्ट धरून ठेवलं म्हणून. तेवढं एक काम माझ्या हातून झालं. पेटी मात्र उघडली होती. रस्त्यावर नळ्यांच्या काचा, आणि आजींचं रक्त पावसात वाहून गेलेलं. "त्यांना पुन्हा टोचावं लागणार," एवढंच ती बोलली. स्वतःच्या पायाचं नावही नाही.

लॅबच्या मॅडम वाईट नव्हत्या, पण स्पष्ट बोलल्या. "पाय बरा कर. पण पुन्हा असं झालं तर गाडी बंद, काउंटरवर बसायचं." काउंटरवर कोण बसत नाही? पण तिला ते नको होतं. आजींसारखी माणसं तिच्या हाताची वाट बघत असतात.

पाय बरा झाला. तिने अंगणात कापडी बूट घालून गाडी चालू केली, दोन्ही चवडे टेकून बसून राहिली आणि तशीच उतरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पाटावरून बघत होतो. पाय उचलला तर परत टेकवायचा कशाच्या भरवशावर? तो भरवसा मी होतो, आणि मीच तिला तोंडघशी पाडलं होतं.

"फसवलं त्या दुकानदाराने," बाबा तणतणले. "चल. जाब विचारू त्याला."

दुकानात गिऱ्हाइकं होती. ती आम्हाला घालून फरशीवर चढली आणि सगळ्यांच्या देखत घसरली. दुकानदाराचा खांदा होता म्हणून वाचली. एक गिऱ्हाईक हातातला बूट खाली ठेवून निघून गेलं.

"ताई, हा बूट असा घसरत नाही," दुकानदार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मग मी काय हौसेने पडले?"

"माणसाच्या जिवाशी खेळता?" बाबांचा आवाज चढला. "असला माल विकायला लाज नाही वाटत?"

दुकानदाराने मला काढून घेतलं आणि दारापाशी नेऊन उजेडात उलटं धरलं. माझा तळवा चमकला. मधल्या भागाला जमीन कमी लागते, तिथलं मेण अजून जसंच्या तसं होतं.

बाबा जवळ येऊन वाकले आणि तिथेच थबकले. स्वतःच्या हाताची चमक त्यांना कळणार नाही तर कुणाला? दुकानदाराला अजून उलगडलं नव्हतं. "काहीतरी गडबड आहे खरी," तो म्हणत होता. "कारखान्याचीच असेल. मी बदलून देतो, ताई." तो वळलासुद्धा, नवीन खोकं काढायला. बाबा गप्प राहिले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी मनात म्हणत होतो, बोला हो बाबा. आणि लगेच म्हणत होतो, नका बोलू.

"थांबा," बाबा म्हणाले. "ती चमक माझी आहे."

कुणालाच काही कळेना.

"मी खालूनही पॉलिश केलं. हिच्या पायाला ओल लागू नये म्हणून." मग सुनेकडे न बघता म्हणाले, "मीच पाडलं तुला, पोरी."

माझ्यावरचा डाग गेला. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची जी शरम वाटली, ती अजून गेलेली नाही. एक म्हातारा माणूस भर दुकानात खाली मान घालून उभा होता आणि बूट सुटकेचा श्वास घेत होता.

तिने माझ्या तळव्यावरून नख ओढून पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाली, "काका, निघेल का हे?"

गरम पाणी आलं, साबण आला, घासायला खरखरीत पॉलिश पेपर आला. दुकानदार खाली बसणार तोच बाबा म्हणाले, "द्या इकडे. मी केलंय, मीच काढतो." जन्मभर चमक चढवणारा तो हात चमक उतरवत बसला. खाच न् खाच घासली. मला झोंबत होतं. म्हटलं, झोंबू दे.

मग ती फरशीवर चढली. एका चवड्यावर. दुकानदार सवयीने पुढे झाला.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही ढकला."

"मी नाही."

"ढकला."

बाबांनी बोटं लावल्यासारखं केलं.

"नीट ढकला, बाबा. गाडी शिकवताना मागे धावला होतात ना? मग."

बाबांनी डोळे मिटले आणि ढकललं. मी जीव खाऊन फरशी धरली. ती हलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा गाडीवर. पण बाबांनी आम्हाला हात लावणं सोडलं. डबी कपाटात गेली. मी चिखलाने पांढरा पडलो, कातडं तडकायला लागलं. बाबा आमच्यापुढून जाताना दुसरीकडे बघायचे, आणि मीही त्यांच्याकडे बघायचं टाळायचो.

एका दुपारी तिने आम्हाला त्यांच्यापुढे आणून ठेवलं. "जिथे पॉलिश लागायला नको तिथे तुम्ही काय करायचात?"

"चिकटपट्टी लावायचो," बाबा म्हणाले.

तिने आम्हाला उलटं केलं. दोन्ही तळवे पट्टीने झाकलेले होते. "लावलीय. आता करा."

बाबांनी पट्टीच्या कडा अंगठ्याने दाबून पाहिल्या. मग पुन्हा पाहिल्या. मग डबी आणली.

आता मी जुना झालोय. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. बूट घ्यायला जाल तेव्हा ओल्या फरशीवर उभे राहा, रबराला नख लावून बघा. आणि घरी कुणी मायेने पॉलिश करत असेल तर त्याचा हात धरू नका, फक्त निघताना आम्हाला एकदा उलटं करून बघा. आम्हाला आमचं कळत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

पावसात ती निघायची झाली की बाबा उंबऱ्यापुढच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओततात. ती एका चवड्यावर उभी राहते. बाबा दोन्ही थरथरत्या हातांनी तिला ढकलतात, चांगलं जोर लावून. मी हललो नाही की म्हणतात, "जा आता." एवढं झाल्याशिवाय ते तिला दाराबाहेर सोडत नाहीत.